मांजरांविषयी सोलापुरातून सतत येणारे प्रश्न

हे प्रश्न जुळे सोलापूरपासून पूर्व भागापर्यंत सगळीकडून येतात. काही व्हॉट्सॲपवर, काही भाजी घेताना, काही रात्री अकराला फोनवर. मी प्राणिशास्त्र शिकवते, जनावरांची डॉक्टर नाही. त्यामुळे इथे आजाराचं कारण मिळेल, औषधाचा डोस मिळणार नाही. मांजराला छोटा माणूस किंवा छोटं कुत्रं समजल्याने बहुतेक घोटाळे होतात, म्हणून शरीराचं शास्त्र जरा सविस्तर दिलंय. प्रश्न साधारण आले त्याच शब्दांत ठेवलेत.

१. मांजर मूळचं कुठलं? वाघाची मावशी म्हणतात त्यात काही तथ्य आहे का?

मावशी नाही, फार तर लांबच्या नात्यातली चुलत बहीण. वाघ-सिंहांची शाखा आणि घरच्या मांजराची शाखा वेगळी होऊन साधारण १ कोटी वर्षं झाली. घरच्या मांजराचा पूर्वज म्हणजे फेलिस लिबिका. हे उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियातलं वाळूच्या रंगाचं, फिकट पट्ट्यांचं रानमांजर. २००७ मध्ये कार्लोस ड्रिस्कॉल आणि सहकाऱ्यांनी रानटी-पाळीव मिळून ९७९ मांजरांचा डीएनए तपासला. जगभरातली घरगुती मांजरं याच एका गटाशी जुळली.

माणसाने मांजर पाळलं म्हणण्यापेक्षा ते आपण होऊन राहायला आलं, असं बहुतेक संशोधक मानतात. शेती सुरू झाली, धान्य साठलं, धान्यावर उंदीर आले आणि उंदरांमागोमाग मांजर. मार्केट यार्डात पोत्यावर झोपलेलं मांजर बघा, करार अजून तोच आहे.

सर्वांत गाजलेला पुरावा सायप्रस बेटावरचा. २००४ मध्ये जाँ-देनी विन्य यांच्या चमूने तिथली सुमारे ९५०० वर्षांपूर्वीची एक कबर जाहीर केली. माणसाच्या सांगाड्यापासून जेमतेम ४० सेंटिमीटरवर आठेक महिन्यांचं मांजर पुरलेलं होतं. या बेटावर मुळात मांजरं नव्हती, म्हणजे कोणीतरी ते होडीतून नेलं असणार.

पण एवढ्यावरून तेव्हापासून मांजर पाळीव झालं असं म्हणता येत नाही. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राचीन डीएनएच्या अभ्यासानुसार पाळीव मांजर युरोपात पोचलं ते साधारण २००० वर्षांपूर्वी, तेही उत्तर आफ्रिकेकडून. चीनमध्ये तर आधी वेगळ्याच जातीचं रानमांजर माणसांच्या वस्तीत वावरत होतं. आजचं घरगुती मांजर तिथे व्यापारी मार्गाने बरंच उशिरा आलं.

इजिप्तबद्दल हमखास विचारतात. तिथे बास्तेत देवीला मांजरांच्या ममी वाहत असत, आणि त्या इतक्या होत्या की १८९० मध्ये सुमारे १,८०,००० ममी जहाजाने लिव्हरपूलला नेऊन शेतात खत म्हणून विकल्या गेल्या. आज एकेका हाडातून डीएनए काढणाऱ्यांना हे वाचून काय वाटत असेल!

२. मग भारतात मांजर कधीपासून आहे?

सिंधमधल्या चन्हुदडो इथे हडप्पाकाळातली एक वीट सापडली आहे. ती ओली असताना तिच्यावरून मांजर गेलं आणि पाठोपाठ कुत्रं. दोघांचे पंजे विटेत तसेच भाजले गेले. पळापळी चालू असावी असा उत्खनन करणाऱ्यांचा अंदाज होता. मांजर पाळीव होतं की नुसतंच वस्तीत हिंडणारं, हे पंजावरून कळत नाही.

राजस्थान-गुजरातकडे वाळवंटी रानमांजर आहे, पण त्याचा वंश वेगळा. आपल्या घरच्या मनीचं नातं पश्चिमेकडच्या गटाशी लागतं. सातव्या शतकापर्यंत मांजर इथे चांगलंच ओळखीचं झालं होतं. महाबलीपुरमच्या शिल्पात ते मागच्या पायांवर उभं राहून तप करताना कोरलंय, आणि पायाशी उंदीर आहेत.

३. आमच्याकडे पहिल्यापासून दूध-भाकरी घालतो. चालतंय ना?

पोट भरतं, गरज भागत नाही. तुमचं मांजर दूध-भाकरीवर धडधाकट असेल तर ते बाहेर उंदीर, पाली, पाखरं मारून बाकीचं कमावतंय. तेच मांजर फ्लॅटमध्ये कोंडून भाकरीवर ठेवा, वर्ष-दोन वर्षांत फरक दिसेल.

कारण टॉरिन नावाचं एक अमिनो आम्ल. आपलं शरीर ते पुरेसं बनवतं, मांजराचं बनवत नाही. ते मांस-मासळीतूनच यावं लागतं आणि ज्वारीत ते नाही. १९७५ मध्ये दिसून आलं की टॉरिन कमी पडलं तर मांजराच्या डोळ्याचा पडदा झिजतो आणि शेवटी ते आंधळं होतं. १९८७ मध्ये कॅलिफोर्नियात पॉल पायन यांनी दाखवलं की याच कमतरतेने हृदय फुगून निकामी होतं, आणि टॉरिन दिल्यावर बऱ्याच मांजरांचं हृदय पुन्हा सुधारतं. त्यानंतर जगभरच्या कंपन्यांनी मांजराच्या खाद्यातलं टॉरिन वाढवलं. गाजरातल्या घटकापासून अ जीवनसत्त्व बनवणंही मांजराला जमत नाही. तेही मांसातूनच हवं.

दुधाचं म्हणाल तर मोठ्या मांजराला त्यातली साखर नीट पचत नाही, जुलाब होतात. दोन चमच्यांनी काही होत नाही, वाटीभर रोज नको. गोडाची चव तर त्याला कळतच नाही. गोड ओळखणाऱ्या जोडीतला एक जनुक मांजरात मोडलेला आहे, हे २००५ मध्ये सिद्ध झालं. जिलेबी चाटत असेल तर ती तुपासाठी.

घरी चिकन शिजवत असाल तर मीठ, कांदा, लसूण न घालता शिजवा. कांदा-लसणाने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. शिजवलेलं पाणी फेकू नका, टॉरिन त्यातच उतरतं. नुसत्या चिकनवरही आहार पुरा होत नाही, सोबत तयार खाद्य असू द्या.

४. आम्ही लिंगायत, घरात मांस-अंडं येत नाही. मांजर शाकाहारी ठेवता येईल का?

घरच्या शाकाहारी जेवणावर नाही. कारण प्रश्न ३ मध्ये आहे. कारखान्यात बनवलेलं टॉरिन घातलेलं शाकाहारी खाद्य काही देशांत मिळतं, पण त्यावरचे अभ्यास बरेचसे मालकांना विचारून भरलेल्या प्रश्नावल्यांवर आधारलेले आहेत, आणि माझ्या मते तेवढ्यावर एखाद्याचं हृदय पणाला लावू नये. काही घरांनी यातून मार्ग काढलाय. कोरडं तयार खाद्य गॅलरीत, वेगळ्या भांड्यात, वेगळ्या डब्यात. स्वयंपाकघरात काही येत नाही आणि मांजरही उपाशी राहत नाही. तेही नको असेल तर मांजर न पाळणं जास्त प्रामाणिक.

५. उजनीचे मासे स्वस्त मिळतात. कच्चेच टाकले तर?

शिजवून, काटे काढून द्या. काही कच्च्या माशांत ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असतो, तो शिजवल्यावर मरतो. रोज असे मासे खाणाऱ्या मांजराची मान खाली झुकायला लागते, तोल जातो. दिसलं तर लगेच डॉक्टर गाठा, वेळेत इंजेक्शन मिळालं तर सहसा भरून निघतं.

६. मांजर वाळवंटातलं, मग सोलापूरचा उन्हाळा त्याला काय करणार?

वाळवंटातलं मांजर दुपारी बिळात असतं. तुमचं पत्र्याच्या खोलीत असतं. मे महिन्यात बाहेर ४३ अंश असताना पत्र्याखाली त्याहून जास्त होतं, आणि मांजराच्या शरीराचं तापमान मुळात ३८ ते ३९ च्या आसपास. तोंड उघडून धापा टाकायला लागलं तर ती धोक्याची खूण समजा. कुत्र्यात ते नेहमीचं असतं, मांजरात नाही. ओल्या फडक्याने अंग पुसा, पंख्याखाली घ्या आणि दवाखाना गाठा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका.

वाळवंटाचा वारसा दिसतो तो मूत्रपिंडात. मांजर आपल्यापेक्षा कितीतरी घट्ट लघवी करू शकतं, म्हणून पाणी कमी पितं. पूर्वी ते पाणी शिकारीतून मिळायचं, कारण उंदराच्या अंगात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. कोरड्या दाण्यांत जेमतेम दहा टक्के. म्हणून उन्हाळ्यात तरी एक वेळ ओलं खाणं द्या. नळाला पाणी चार दिवसांनी येतं म्हणून मांजराच्या वाटीतलंही चार दिवस तसंच, असं करू नका. रोज बदला, वाटी पसरट ठेवा आणि खाण्यापासून लांब ठेवा. म्हाताऱ्या मांजरांत मूत्रपिंडाचा आजार फार दिसतो. अचानक पाणी जास्त प्यायला लागलं तर खूश होऊ नका, रक्त तपासा.

७. बोका सारखा लघवीला बसतोय, होत काहीच नाही. सकाळपर्यंत थांबू का?

थांबू नका. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते, ती खड्याने किंवा चिकट गुठळीने बुजते. मग रक्तात पोटॅशियम चढतं आणि एक-दोन दिवसांत हृदय थांबू शकतं. बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजणारे लोक मी पाहिलेत. या पानावरची सर्वांत तातडीची गोष्ट हीच.

८. ताप वाटतोय, पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दिली तर?

पाव गोळीसुद्धा नाही. या औषधाला आपल्या यकृतातला एक एन्झाइम निष्प्रभ करतो, आणि तो बनवणारा जनुक मांजरात बिघडलेला आहे. सतत मांसच खाणाऱ्या प्राण्याला वनस्पतीतली विषं पचवायची गरज उरली नाही, म्हणून तो मोडला तरी काही अडलं नाही, असं मानतात. पण गोळी पोटात गेली की अडतं. रक्त ऑक्सिजन नेईनासं होतं, हिरड्या तपकिरी दिसतात, तोंड आणि पंजे सुजतात. चार किलोच्या मांजराला एक नेहमीची ५०० मिलिग्रॅमची गोळी जीवघेणी ठरू शकते. चुकून दिली असेल तर लाजू नका, डॉक्टरांना सांगा. यावर उतारा आहे, पण तो तासांत द्यावा लागतो.

याच कारणाने फिनाईलने पुसलेली ओली फरशी आणि कुत्र्याच्या पिसवांचं परमेथ्रिनवालं औषध मांजराला बाधतं. मांजर पंजे चाटतं, हे विसरू नका.

९. लस कोणती, कधी? घराबाहेर न जाणाऱ्या मांजरालाही?

हो, त्यालाही. तिहेरी लस पॅनल्युकोपेनिया (उलट्या-जुलाबाचा जीवघेणा आजार) आणि सर्दीचे दोन विषाणू यांवरची. ती सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू करतात आणि चार महिन्यांचं होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी देतात, कारण आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती लसीला लागू देत नाही. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. पुढचे डोस डॉक्टर ठरवतील.

पॅनल्युकोपेनियाचा विषाणू वस्तूंवर वर्षभर टिकतो आणि चपलेबरोबर घरात येतो, म्हणून बाहेर न जाणंही पुरत नाही. घरात आधी एखादं पिल्लू उलट्या-जुलाबाने गेलं असेल तर फिनाईलचा उपयोग नाही. पातळ केलेलं ब्लीच लागतं, तेही मांजर खोलीबाहेर असताना, आणि नंतर फरशी धुऊन कोरडी करून. कुत्र्यांचा पार्वो १९७० च्या दशकात याच विषाणूच्या भाऊबंदातून निघाला.

१०. मांजराने बोचकारलं, थोडंसं रक्त आलं. इंजेक्शन घ्यायचंच का?

रेबीज कुत्र्यातूनच होतो हा गैरसमज आहे, मांजरातूनही होतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा. घड्याळ लावून धुवा, कारण आपल्याला दोन मिनिटंच पंधरा वाटतात. चुना, तिखट, हळद लावू नका. मग दवाखान्यात जा. सिव्हिलमध्ये किंवा कुठल्याही सरकारी रुग्णालयात ही लस मिळते. कातडीत टोचायची असेल तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. स्नायूत असेल तर १४ वा दिवसही येतो. रक्त आलं असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडं) लागू शकतं, ते आवर्जून विचारा.

आपलंच, लस झालेलं मांजर असेल तरी डॉक्टरांना दाखवून ठरवा. मांजर दहा दिवस नजरेखाली ठेवतात, पण आपली इंजेक्शनं त्यासाठी थांबवत नाहीत. दहा दिवसांनी ते ठणठणीत असेल तर पुढचे डोस घ्यायचे की नाही, हे डॉक्टर सांगतील. हाताला चावा असेल तर आणखी एक गोष्ट. मांजराचे सुळे सुईसारखे खोल जातात आणि वरून जखम बुजते, आत पू होतो. दुसऱ्या दिवशी बोट सुजलं तर अँटिबायोटिकसाठी जा.

११. सुनेला दिवस गेलेत. सगळे म्हणतात मांजर सोडून द्या.

सोडू नका, घाणीची पाटी दुसऱ्या कुणाला तरी साफ करू द्या. भीती टोक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीची आहे आणि ती निराधार नाही. गरोदरपणात पहिल्यांदाच लागण झाली तर बाळाला इजा होऊ शकते. त्याचं पूर्ण जीवनचक्र मांजरवंशीय प्राण्यांच्या आतड्यातच होतं, हे १९७० च्या सुमारास उलगडलं. त्यात भारतात जन्मलेले जे. पी. दुबे यांचा मोठा वाटा आहे.

पण जीवनचक्र नीट वाचलं की भीती आवरते. मांजर सहसा आयुष्यात एकदाच, एक ते तीन आठवडे, विष्ठेतून अंडी टाकतं. ती अंडी ताजी असताना लागण करत नाहीत, त्यांना किमान एक दिवस लागतो. म्हणजे पाटी रोज साफ झाली तर धोका फार उरत नाही. मांजराला कच्चं मांस देऊ नका आणि शिकारीला सोडू नका. बहुतेक लोकांना लागण होते ती अर्धकच्च्या मांसातून, न धुतलेल्या भाजीतून, मातीतून. कुंडीत हात घालताना हातमोजे घाला. मांजर कुरवाळून हात धुतले तर काळजीचं कारण नाही. डॉक्टरांना रक्ततपासणीचं विचारून घ्या.

१२. मांजराचे केस पोटात गेले की दमा होतो म्हणे?

केसाचा दोष नाही. ॲलर्जी होते ती मांजराच्या लाळेतल्या आणि त्वचेतल्या एका प्रथिनाची. चाटताना ते केसांना लागतं आणि वाळून हवेत उडतं. ज्याला ॲलर्जी आहे त्याला दमा उठू शकतो, बाकीच्यांना नाही. केस पोटात गेले तर दुसऱ्या दिवशी बाहेर जातात.

१३. तिरंगी मांजर नेहमी भाटीच का असते? आमचा एक तिरंगी बोका आहे, तो शुभ का?

माझा आवडता प्रश्न, म्हणून थोडं लांबवते. नारंगी रंगाचा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो. भाटीत दोन एक्स. एकावर नारंगी, दुसऱ्यावर काळा असू शकतो. गर्भात असताना प्रत्येक पेशी दोनपैकी एक एक्स कायमचा बंद करते, हे मेरी लायन यांनी १९६१ मध्ये मांडलं. ज्या भागात नारंगी चालू राहिला तिथे नारंगी डाग, जिथे काळा तिथे काळा. पांढरा येतो तो वेगळ्या जनुकाने. बोक्याकडे एक्स एकच, म्हणून तो नारंगी तरी असतो किंवा काळा तरी.

डाग कुठे पडणार हे नशिबावर असतं, याचा नमुना २००१ मध्ये मिळाला. टेक्सासमध्ये रेनबो नावाच्या तिरंगी मांजरीचा क्लोन केला. जगातला तो पहिला मांजर-क्लोन. पिल्लाचं नाव सीसी. जनुकं तीच, पण सीसीच्या अंगावर नारंगीचा ठिपकाही नव्हता.

नारंगीचा नेमका जनुक मात्र २०२५ पर्यंत अधांतरीच होता. स्टॅनफर्ड आणि जपानमधल्या क्युशू इथल्या दोन चमूंनी स्वतंत्रपणे शोधलं, की एआरएचजीएपी३६ या जनुकाजवळचा डीएनएचा सुमारे ५००० अक्षरांचा तुकडा गळाल्याने हा रंग येतो.

तुमचा बोका बहुधा एक्सएक्सवाय आहे, म्हणजे त्याच्याकडे एक एक्स जास्तीचा. असे बोके हजारांत एखादे असतात आणि जवळपास सगळे वांझ. शुभ म्हणा, पण त्याच्यापासून तिरंगी पिल्लं होतील म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

१४. पांढरं, निळ्या डोळ्यांचं मांजर हाक मारली तरी बघत नाही. माजलंय का?

बहिरं असू शकतं. पांढरा रंग देणारा जनुकातला बदल रंगपेशींना कानाच्या आतपर्यंत पोचू देत नाही, आणि तिथे त्या नसल्या की ऐकू येत नाही. दोन्ही डोळे निळे असलेल्यांत हे जास्त. मागे उभं राहून टाळी वाजवा, कान हलतात का बघा. बहिरं असेल तर रस्त्यावर सोडू नका. ऐकू येत असूनही बघत नसेल तर ते मांजर आहे, एवढंच. आपलं नाव त्यांना ओळखता येतं, हे जपानी संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवलंय. उत्तर द्यायचं की नाही, हा त्यांचा प्रश्न.

१५. गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दारूकामाला मांजर दोन दिवस माळ्यावरून उतरत नाही. उपाय?

मांजराला आपल्यापेक्षा कितीतरी उंच स्वर ऐकू येतात, कारण उंदराची चूंचूं त्याच पट्टीत असते. दारूकाम आपल्याला जेवढं मोठं, त्याला त्याहून भीतीचं. माळ्यावर जाणं हाच त्याचा उपाय आहे. पाणी आणि पाटी तिथेच नेऊन ठेवा, ओढून खाली आणू नका.

१६. घुरघुरतं म्हणजे खूश आहे ना?

बहुतेक वेळा. दुखत असताना, मरणाच्या दारातही मांजरं घुरघुरतात. हा आवाज कसा निघतो याबद्दल २०२३ मध्ये व्हिएन्नातून नवी माहिती आली. मृत मांजरांच्या स्वरयंत्रातून नुसती हवा सोडली तरी २५-३० हर्ट्झचा तो खर्ज निघाला. स्वरपट्ट्यांत मऊ गाद्या असतात, त्यांच्यामुळे.

१७. अंगणातल्या एका झाडाची मुळी उपटली की गल्लीतली सगळी मांजरं जमतात. हे काय?

बहुधा खोकली. पावसाळ्यात कंपाउंडच्या कडेला उगवणारं, हिरव्या तुऱ्यांचं तण. तिच्या मुळाच्या वासाने मांजरं लोळतात, लाळ गाळतात. परदेशात कॅटनिप या पुदिन्याच्या कुळातल्या झाडाचं असंच कौतुक आहे. २०२१ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं, की मांजरांना अशीच भुरळ घालणाऱ्या सिल्व्हर व्हाइन या वेलीचा रस अंगाला चोळून घेणाऱ्या मांजरावर डास कमी बसतात. खोकलीवर एवढा अभ्यास झालेला नाही. वास घेऊ द्या, मूठभर मुळ्या खायला देऊ नका.

१८. पोटात पाणी झालंय, डॉक्टर एफआयपी म्हणाले आणि "आशा सोडा" म्हणाले. खरंच?

काही वर्षांपूर्वी तेच उत्तर बरोबर होतं. मांजरांत एक साधा कोरोना विषाणू सर्रास फिरतो, जुलाबापलीकडे काही करत नाही. काही मांजरांत तो बदलतो आणि हा आजार होतो, बहुतेकदा दोन वर्षांच्या आतल्या मांजराला. २०१९ मध्ये नील्स पेडरसन यांच्या चमूने जीएस-४४१५२४ हे औषध आजारी मांजरांना दिलं आणि ३१ पैकी बहुसंख्य वाचली. कोविडमध्ये माणसांना दिलेलं रेमडेसिव्हिर शरीरात गेल्यावर याच रेणूत बदलतं. नेहमीचा कोर्स ८४ दिवसांचा. खर्च आहे, रोजची वेळ पाळावी लागते, पण आशा सोडायचं कारण उरलेलं नाही. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. माणसाला हा आजार लागत नाही.

१९. ऑपरेशनआधी एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत, असं सासूबाई म्हणतात.

सासूबाईंची माया खरी, पण शरीराला त्याचा फायदा नाही. उलट सहा महिन्यांच्या आत नसबंदी झालेल्या मांजरींत स्तनांच्या गाठींचा धोका सुमारे ९० टक्क्यांनी कमी आढळला, आणि मांजरीत या गाठी बहुतेक कर्काच्याच असतात. पाचव्या महिन्याच्या आसपास डॉक्टरांशी बोला. गाभण काळ ६३ ते ६५ दिवसांचा आणि दूध पाजत असतानाही पुन्हा दिवस जातात. "नंतर बघू" म्हणालात की घरात सहा मांजरं झालीच.

२०. ऊसतोडीत दोन पिल्लं सापडली. मांजराचीच दिसतात. घरी आणून दूध पाजू का?

आधी हात लावू नका. आपल्या जिल्ह्यात उसाचे फड आणि माळरान लागून आहेत, त्यामुळे ती पिल्लं रानमांजराची (जंगल कॅट, प्रश्न १ मधलं नव्हे) किंवा वाघाटीचीही असू शकतात. वाघाटी म्हणजे जगातल्या सर्वांत लहान मांजरांपैकी एक, पूर्ण वाढ होऊनही दीड किलोच्या आतबाहेर. अंगावर गंजाच्या रंगाच्या ठिपक्यांच्या रांगा, कपाळावर पांढऱ्या रेघा. रानमांजराचे पाय लांब, शेपूट आखूड, कानाच्या टोकाला काळे केस. दोन्ही १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत, घरी ठेवणं गुन्हा आहे.

तोड त्या सरीपुरती थांबवा, कुत्री लांब ठेवा आणि वनखात्याला १९२६ वर कळवा. आई लांब गेलेली नसते. सापडली त्याच जागी पिल्लं ठेवली तर अंधार पडल्यावर ती येऊन एकेक करून नेते. माणसाचा वास लागला म्हणून ती टाकून देते, हे खरं नाही. उचलली असतील तरी त्याच संध्याकाळी परत ठेवा. ट्रॅक्टर, बॅटरी आणि मोबाइलवाली पोरं तिथून हलली पाहिजेत, नाहीतर ती फडाच्या कडेला थांबून राहते.